वाचक विचारतात : पासपोर्ट, व्हिसा आणि न जुळणारे कागद

सुट्टीचे बेत ठरू लागले की या सदराकडे पत्रांचा ढीग होतो. प्रश्न निरनिराळे असतात, पण बहुतेकांचं मूळ एकच: एका कागदावर एक लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यावर दुसरं. कधी नाव, कधी पत्ता, कधी जन्मतारीख, कधी मुक्कामाच्या रात्री. या वेळी निवडलेली पत्रं त्या अंगाने वाचावीत. शुल्क आणि नियम बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर एकदा नजर टाकावी.

आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासासाठी पाडली. बिल्डर भाडं देतो, आम्ही सध्या कांदिवलीत राहतो. आधारवर गिरगावचाच पत्ता आहे. पासपोर्टच्या अर्जात कोणता पत्ता लिहू? – गिरगावकर, सध्या कांदिवली

कांदिवलीचा. ‘सध्याचा पत्ता’ म्हणजे तुम्ही आज जिथे राहता तो. गिरगावचा लिहिलात तर पडताळणी गिरगावच्या पोलीस ठाण्याकडे जाईल आणि तिथे त्यांना पत्र्याचं कुंपण दिसेल. ‘अर्जदार पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा एकदा पडला की तो निस्तरायला पासपोर्ट कार्यालयाकडे फेरपडताळणीची विनंती करावी लागते, आणि त्यात आठवडे जातात.

आधी लिव्ह अँड लायसन्स करार काढून पाहा. तो नोंदणीकृत असेल तर पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. नुसता नोटरी केलेला असेल तर त्यावर विसंबू नका. करारात फक्त यजमानांचं नाव आणि अर्ज पत्नीचा, ही अडचण मुंबईत घरोघरी दिसते. पुढचा करार करताना दोघांचीही नावं परवानाधारक म्हणून घाला, खर्च तोच येतो. यजमानांच्या पासपोर्टवर हाच पत्ता आणि पत्नीचं नाव असेल, तर त्यांच्या पासपोर्टची प्रतही चालते.

दुसरं काम आधारचं. नोंदणीकृत करारावर आधारचा पत्ता ऑनलाइन बदलता येतो. तो बदलून घ्या आणि मगच पासपोर्टचा अर्ज भरा. उलट क्रमाने केलंत तर पासपोर्ट सेवा केंद्रात बी काउंटरवर दोन पत्ते समोर येतात आणि फाइल अडते. (ए काउंटरवर कागद स्कॅन होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, बी वर पडताळणी, सी वर मंजुरी. मूळ कागद तिन्हीकडे हाताशी हवेत.)

पडताळणीसाठी पोलीस ठाण्यातून फोन येतो. अनोळखी नंबर म्हणून तो उचलला नाही, एवढ्यावर बऱ्याच फाइली रखडतात. अर्जात चालू मोबाइल नंबर द्या आणि ते दोन आठवडे सगळे फोन घ्या. आणखी एक: पासपोर्ट स्पीड पोस्टाने त्याच पत्त्यावर येतो आणि अर्जदाराच्याच हाती देतात. कोणी भेटलं नाही तर तो परत जातो. करार पुढच्याच महिन्यात संपत असेल तर नव्या घरात गेल्यावरच अर्ज करा.

मे महिन्यात लग्न, जूनमध्ये व्हिएतनाम. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे. लग्नानंतर लगेच बदलावा लागेल का? – ठाणे

मुळीच नाही. लग्नानंतर नाव बदलायची सक्ती कायद्यात कुठेच नाही. माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर, माहेरच्याच नावाने तिकीट आणि व्हिसा काढून खुशाल जा. सासरच्या नावाने तिकीट काढलंत तर मात्र चेक-इन काउंटरवरच अडकाल.

आपल्याकडचा खरा घोटाळा मधल्या नावाचा. पासपोर्टवर रकाने दोनच: आडनाव आणि दिलेलं नाव. त्यामुळे वडिलांचं नाव बहुधा दिलेल्या नावाच्या रकान्यात, स्वतःच्या नावाला जोडून येतं. तिकीट काढताना तो रकाना जसाच्या तसा उतरवा. पासपोर्टवर दोन शब्द असतील तर दोन. व्हिसाच्या अर्जातही तसंच. ई-व्हिसावर एक शब्द गळला तर तो व्हिसा दुसऱ्याच माणसाचा धरला जाऊ शकतो, आणि भरलेलं शुल्क परत मिळत नाही.

पुढे सावकाश नाव बदलायचं असेल तर आपल्याकडे स्त्रीचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, म्हणजे तो पूर्ण नावबदल झाला. त्यासाठी पुनर्प्रदानाचा (री-इश्यू, म्हणजे नवा पासपोर्ट पुन्हा काढून घेण्याचा) अर्ज, जुना पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्र लागतं. मुंबईत हे प्रमाणपत्र पालिकेच्या वॉर्ड कार्यालयातून मिळतं, तुमच्याकडे ठाणे महापालिकेतून. आमचा सल्ला असा: बदलायचं तर पॅन, आधार, बँक, पासपोर्ट सगळीकडे एकाच सपाट्यात बदला, नाहीतर कुठेच बदलू नका. अर्धवट बदल सगळ्यात वाईट. जोडीदार म्हणून नवऱ्याचं नाव पासपोर्टवर घालायचं असेल तर ते स्वतःचं नाव न बदलताही घालता येतं.

काही जुन्या पासपोर्टांत आडनावाचा रकाना रिकामा असतो आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात एकच शब्द असतो. तुमचा तसा असेल आणि कधी दुबईला जायचं असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून एकच शब्द नाव असलेल्या पासपोर्टवर भेटीच्या आणि पर्यटनाच्या व्हिसाचा प्रवेश बंद केला आहे.

आई ७१ वर्षांची, पहिलाच पासपोर्ट. शाळेच्या दाखल्यावर १ जून, आधारवर १ जानेवारी. दाखल्यावर ‘शकुंतला’, आधारवर ‘शकुंतलाबाई’. – डोंबिवली

त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो. गुरुजींनी शाळेत घालताना तीच तारीख लिहिली. आधार काढताना ज्यांनी फक्त साल सांगितलं त्यांना यंत्राने १ जानेवारी दिली. दोन्ही तारखा खऱ्या नसतील कदाचित, पण तुम्हाला एक निवडून तिलाच धरून राहायचं आहे.

शाळेचा दाखला धरा. तो सर्वांत जुना कागद आहे आणि १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालतो. त्यावरून आधी आधारची तारीख आणि नाव दुरुस्त करा. आधारमध्ये जन्मतारीख बदलण्याची संधी सहसा एकदाच मिळते, तेव्हा केंद्रावर पावती हातात पडल्याबरोबर स्पेलिंगसकट वाचा. ‘बाई’, ‘राव’, ‘भाऊ’ हे प्रेमाने लागलेले प्रत्यय परदेशी यंत्राला नावाचाच भाग वाटतात. ते काढूनच टाका. मग पॅन, आणि सगळ्यात शेवटी पासपोर्ट. पासपोर्टवर एकदा चुकीची तारीख छापली गेली की ती बदलणं या सगळ्यापेक्षा अवघड आहे.

३६ पानी पासपोर्टचं शुल्क ₹१,५०० आहे. पहिल्या पासपोर्टला साठीपुढच्यांना दहा टक्के सूट मिळते, म्हणजे ₹१,३५०.

दोन वर्षांच्या मुलीचा पासपोर्ट काढायचा आहे. पालिकेच्या जन्मदाखल्यावर तिचं नावच नाही. – मुलुंड

बारशाच्या आधी नोंद झाली की असंच होतं. तुमची मुलगी १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेली असेल तर जन्मतारखेसाठी जन्मदाखल्याशिवाय दुसरा कुठलाच कागद चालणार नाही, म्हणून जन्माची नोंद ज्या वॉर्डात आहे तिथे अर्ज देऊन आधी नाव घाला. आई-वडिलांची नावंही तुमच्या पासपोर्टांशी अक्षरशः जुळली पाहिजेत. चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो केंद्रात काढत नाहीत. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ४.५ × ३.५ सें.मी.चा फोटो घरून न्या. शुल्क ₹१,०००, पण आठ वर्षांखालच्यांना पहिल्या पासपोर्टला दहा टक्के सूट, म्हणजे ₹९००. मुदत पाच वर्षं. अर्जासोबत दोन्ही पालकांच्या सहीचं अॅनेक्शर डी (पालकांचं घोषणापत्र) लागतं. आईबाबांपैकी एकाच्या वैध पासपोर्टवर जोडीदाराचं नाव असेल तर मुलीसाठी पोलीस पडताळणी सहसा होत नाही.

फ्रान्स ४ रात्री, स्वित्झर्लंड ४, इटली ३. व्हिसा कोणाकडे मागायचा? बँकेत किती पैसे दाखवायचे? ‘डमी तिकीट’ चालतं का? नाकारला तर? – विलेपार्ले

चार प्रश्न आहेत, क्रमाने घेऊ.

कोणाकडे. युरोपातल्या शेंगेन गटात आता २९ देश आहेत आणि व्हिसा एकच. अर्ज जिथे सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे. रात्री समान असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. तुमच्या फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या रात्री सारख्या आहेत, म्हणून पॅरिसला उतरणार असाल तर फ्रान्स आणि झुरिकला उतरणार असाल तर स्वित्झर्लंड. ‘इटलीची अपॉइंटमेंट लवकर मिळते’ म्हणून कागदावर इटलीच्या रात्री वाढवायच्या आणि व्हिसा हाती पडला की बुकिंग बदलायचं, हा उद्योग अनेक जण करतात. सीमेवरच्या अधिकाऱ्याने हॉटेलची बुकिंग मागितली की त्यांची फजिती होते. प्रवेश नाकारता येतो, व्हिसा रद्दही करता येतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, काही प्रकरणी ४५. मेच्या सुट्टीसाठी मुंबईतल्या अर्जकेंद्रांच्या वेळा फार आधी संपतात, तेव्हा जानेवारीतच हालचाल करा. त्या काळात पासपोर्ट त्यांच्याकडे राहतो. मधेच दुबई वगैरे ठरवू नका. प्रौढांचं शुल्क ९० युरो, ६ ते ११ वयाच्या मुलांचं ४५, सहा वर्षांखाली शून्य. केंद्राचा सेवाआकार वेगळा. केंद्रातली मंडळी फक्त कागद आणि बोटांचे ठसे घेतात. निर्णय दूतावासाचा असतो, त्यामुळे ‘आमची आत ओळख आहे’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे चला.

पैसे. सगळ्या देशांना लागू असा एकच आकडा नाही. अधिकारी शिल्लक बघतो त्याहून जास्त खात्याची चाल बघतो. पगार दरमहा येतो, हप्ते जातात, थोडं उरतं, हे त्याला पटतं. अर्जाच्या आठ दिवस आधी साडूने पाच लाख टाकले तर तेच पाच लाख संशयाचं कारण होतात. मुदत ठेव मोडून पैसे आले असतील तर ठेवीची पावती जोडा. खातेउतारा देशाच्या यादीप्रमाणे शेवटच्या तीन किंवा सहा महिन्यांचा, बँकेच्या शिक्क्यासकट. सोबत आयकर विवरणपत्रं, पगाराच्या पावत्या आणि कंपनीचं रजेचं पत्र. त्यात हुद्दा, पगार आणि रजेच्या तारखा हव्यात, आणि त्या तारखा विमानाच्या तारखांशी जुळायला हव्यात. दुकान असेल तर गुमास्ता परवाना आणि जीएसटीचे कागद. गृहिणीचा खर्च नवरा करत असेल तर त्याचे कागद, खर्च उचलत असल्याचं पत्र आणि विवाह प्रमाणपत्र.

तिकीट. व्हिसा मिळण्याआधी पूर्ण पैसे भरलेलं तिकीट काढायची गरज नसते, आरक्षण चालतं. पण ते खरं हवं, विमान कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकला की दिसणारं. शे-दोनशे रुपयांत बनवून मिळणारा कागद दोन दिवसांत मरतो. अधिकाऱ्याने तिसऱ्या दिवशी तपासला की तुमचा सगळा अर्जच खोटा ठरतो. रद्द करता येणारी हॉटेलं घ्या आणि निकाल लागेपर्यंत ती रद्द करू नका. विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांना लागू आणि प्रवासाचे सगळे दिवस झाकणारा. मुंबईहून रात्रीचं विमान असेल तर विम्याच्या तारखा नीट मोजा. परतीच्या दिवशी मध्यरात्र उलटते आणि विमा एक दिवसाने तोकडा पडतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने वैध, दोन पानं कोरी.

नाकारला तर. कारणांवर खुणा केलेला छापील कागद मिळतो. आपल्याकडे बहुधा खूण असते ती ‘प्रवासाचा हेतू आणि मुक्कामाची माहिती विश्वासार्ह नाही’ यावर. अपील करता येतं, पण त्याला वेळ लागतो. चूक कागदांतच होती असं दिसत असेल तर दुरुस्त करून नवा अर्ज देणं बरं. जुना नकार लपवू नका, तो त्यांच्या संगणकात पाच वर्षं दिसतो. आणि एक चांगली बातमी: एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्यांना, मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा अनेकवेळचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यापुढे पाच वर्षांचा. पण पासपोर्टची मुदत तितकी शिल्लक हवी, म्हणून दीड वर्ष उरलेला पासपोर्ट घेऊन असा अर्ज करू नका.

पासपोर्टला पाच महिने उरलेत. पुढच्या महिन्यात सिंगापूर. – दादर

चालणार नाही, सहा महिने हवेत. आजच पुनर्प्रदानाचा अर्ज करा, हवं तर तत्काळमध्ये: ₹१,५०० अधिक ₹२,०००. तत्काळला यादीतली तीन कागदपत्रं लागतात. पुढच्या वेळी लक्षात ठेवा, मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो.

अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा जुन्या पासपोर्टवर आहे. पासपोर्ट नवा झाला. व्हिसा परत काढायचा का? – शिवाजी पार्क

नाही. दोन्ही पासपोर्ट बरोबर न्या. जुन्याचा कोपरा कापून तो तुम्हाला परत देतात. व्हिसाच्या पानाला धक्का लागू देऊ नका आणि ते पान काढून नव्या पासपोर्टात चिकटवायचा विचारही मनात आणू नका. दोन्ही पासपोर्ट स्टेपल करू नका, एका पाकिटात ठेवा. दहा वर्षं ही व्हिसाची मुदत झाली. तिथे किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने. ती तारीख आय-९४ या अमेरिकेतल्या आगमनाच्या नोंदीत असते. तिथे पोचल्यावर मुलाला सांगून लगेच ती उतरवून घ्या. नातवाच्या मुंजीसाठी मुक्काम वाढवून ती तारीख ओलांडलीत तर पुढचा प्रवेश गेला म्हणून समजा.

थायलंडच्या आगमन कार्डासाठी एक संकेतस्थळ माणशी ₹१,८०० मागतंय. – वसई

देऊ नका. १ मे २०२५ पासून हे डिजिटल कार्ड सगळ्या परदेशी प्रवाशांना लागतं आणि ते फुकट आहे. पोचण्याच्या ७२ तासांच्या आत थाई इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर भरायचं. सिंगापूर आणि मलेशियाची कार्डंही फुकटच. शोधयंत्रात सगळ्यात वर दिसते ती बहुधा जाहिरात असते.

चेक न वटल्याची कलम १३८ची केस चालू आहे. अर्जात ‘नाही’ लिहावं असं एजंट म्हणतो. – मस्जिद बंदर

एजंट बदला. ही फौजदारी केस आहे. पासपोर्ट कायदा, १९६७च्या कलम ६(२)(च) प्रमाणे फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, आणि माहिती लपवणं हा कलम १२ खाली वेगळा गुन्हा आहे. चेकची केस मिटेल, हा गुन्हा मात्र नव्याने मागे लागेल.

वाट सरळ आहे. २५ ऑगस्ट १९९३च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे, जिथे खटला आहे त्या न्यायालयाने परदेशी जायला परवानगी दिली तर पासपोर्ट मिळतो. वकिलांना अर्जात मुदत स्पष्ट मागायला सांगा, पाच वर्षं वा दहा. आदेशात मुदत लिहिली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा सगळी फेरी. सोसायटीशी किंवा भावाशी चाललेला दिवाणी दावा मात्र यात येत नाही.

मुलाने पासपोर्टच्या पानावर बॉलपेनने गाडी काढली. खोडू का? – भांडुप

खोडू नका, पान फाडूही नका. फाटलेल्या, चिकटवलेल्या किंवा पान गायब असलेल्या पासपोर्टवर मुंबई विमानतळाचं इमिग्रेशन तुम्हाला थांबवू शकतं. पान मुद्दाम काढलेलं दिसलं तर गुन्हाही नोंदतात. (घरच्यांपासून एखादी सहल लपवण्यासाठी पानं फाडणारेही असतात. तिथे बायकोच्या आधी पोलिसांना कळतं.) खराब पासपोर्ट म्हणून पुनर्प्रदान करा, ३६ पानांना ₹३,०००. पावसाळ्यात भिजून फोटो फुगला असेल तरी हाच मार्ग.

ऑगस्टमध्ये केनियाला मसाई मारा. पीतज्वराची (यलो फीव्हर) लस खरंच लागते का? – माहीम

लागते, आणि मुख्यतः परत येताना. केनिया पीतज्वराच्या देशांत मोडतो. तिथून लसीच्या वैध प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहाव्या दिवसापासून प्रमाणपत्र लागू होतं आणि पुढे ते जन्मभर चालतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांतच घ्यायची. लस देण्याचे दिवस ठरलेले असतात, तेव्हा महिनाभर आधी वेळ घ्या. मूळ पासपोर्ट बरोबर न्या, कारण त्याचा नंबर प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तिकेत लिहितात. अंड्याची अॅलर्जी असेल किंवा साठी उलटली असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. केनियाचा जुना व्हिसा जानेवारी २०२४ पासून गेला, आता ऑनलाइन ईटीए (प्रवासाची आगाऊ परवानगी) काढावं लागतं.

मुंबई–दुबई एका कंपनीचं आणि दुबई–रोम दुसऱ्या कंपनीचं तिकीट वेगवेगळं घेतलं, बारा हजार वाचले. काही अडचण? – बोरिवली

आहे. दोन वेगळी तिकिटं म्हणजे सामान दुबईत पट्ट्यावर उतरणार. ते घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागतं आणि त्यासाठी अमिरातीचा व्हिसा लागतो. तो नसेल तर मुंबईतच चेक-इनला नाही म्हणतील. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या कंपनीचा तुमच्याशी काही संबंध नसतो, ते तिकीट बुडतं. फक्त हातातलं सामान घेऊन जाणार असाल तरी दोन्ही विमानांची टर्मिनल वेगळी आहेत का आणि दुसरा बोर्डिंग पास आतूनच मिळेल का, हे दोन्ही कंपन्यांना लेखी विचारा. अमेरिकेमार्गे जाणाऱ्यांना तर एकाच तिकिटावरही सुटका नाही. तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. तिकीट परत करता येत असेल तर आजच करा, आणि मुंबई–रोम एकाच पीएनआरवर घ्या.